फजरची कॉफी कोण करतं?

दर चार-सहा महिन्यांनी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून येतो. 'जगाला कॉफी कुणी दिली? मुसलमानांनी!' अशी सुरुवात. मग खालिद नावाच्या मेंढपाळाची गोष्ट, त्याच्या बकऱ्या लाल फळं खाऊन कशा नाचायला लागल्या ती. मग येमेनचे सूफी, मोखा बंदर, बाबा बुडन आणि त्यांचे सात दाणे. शेवटी 'फखरने पुढे पाठवा'. अर्ध्या तासात खाली वीस-पंचवीस 'माशाअल्लाह' पडतात. मागच्या खेपेला हा मेसेज सकाळी सव्वासहाला आला. पाठवणारे आमचे एक बुजुर्ग. फजर पढून आले, आरामखुर्चीत बसले, कॉफीचा कप हातात घेतला आणि मेसेज पाठवला. मला हे माहीत आहे, कारण कपाचा फोटोही त्यांनी सोबत टाकला होता. वर साय, बाजूला दोन खारी.

मी खाली एवढंच लिहिलं, "माशाअल्लाह मामूजान. ही कॉफी कोणी केली?"

उत्तर आलं नाही. एका भाचीने हसण्याचं चिन्ह टाकलं आणि दोन मिनिटांनी काढून घेतलं. बाकी ग्रुप गप्प. संध्याकाळी माझ्या जाऊबाईंचा फोन आला, की एवढ्याशा गोष्टीवर मोठ्यांना असं बोलतात का. एवढीशी गोष्ट असती तर ग्रुप गप्प झाला नसता.

आधी मेसेजचा हिशोब करून टाकू. त्यातलं पुष्कळ खरं आहे. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या डोंगरातलं, पण ते पेय म्हणून पिण्याची पक्की नोंद मिळते ती पंधराव्या शतकातल्या येमेनमध्ये, सूफींच्या संगतीत. मोखा हे येमेनचंच बंदर. नाचणाऱ्या बकऱ्यांची गोष्ट मात्र सोडून द्या. ती छापील स्वरूपात आली १६७१मध्ये, रोममध्ये, एका ख्रिस्ती पंडिताच्या लॅटिन पुस्तिकेतून. आपल्या फखरच्या मेसेजमधली सगळ्यात लाडकी गोष्ट आपल्याला युरोपने सांगितलेली आहे, असो. शब्दाचा प्रवास मात्र खरोखर आपल्या वाटेने झाला. अरबी कहवा, तुर्कांचा कहवे, डच लोकांचा कॉफी, मग इंग्रज आणि मग आपण. मी उर्दूच्या तासाला हे सांगते तेव्हा मुलांना मजा येते, कारण त्यांच्या डोक्यात कहवा म्हणजे काश्मीरचा, केशर-बदाम घातलेला. आणखी एक गंमत. जुन्या अरबीत कहवा हा शब्द दारूसाठीही वापरला जायचा. या काळ्या पेयावर पुढे जो संशय घेतला गेला, त्याला नावाचाही थोडा हात असावा.

तो संशय काही लहानसहान नव्हता. १५११मध्ये मक्केत खैर बेग नावाचा मुहतसिब होता, म्हणजे बाजारावर आणि लोकांच्या चालचलणुकीवर नजर ठेवणारा अधिकारी. त्याला रात्रीच्या वेळी हरमजवळ काही माणसं कॉफी पीत बसलेली दिसली. त्याने उलेमांची बैठक बोलावली, हकीम बोलावले, साक्षी घेतल्या आणि कॉफीवर बंदी घातली. पुढे काहिऱ्याहून आलेल्या हुकुमाने ती सैल पडली. इस्तंबूलमध्ये १५५५च्या आसपास पहिली कॉफीघरं निघाली आणि १६३३मध्ये चौथ्या मुरादने ती बंद करायला लावली. कॉफी नशा आहे का, तिने अक्कल जाते का, ती कोळशासारखी भाजलेली असते म्हणून मकरूह आहे का, यावर शंभराहून जास्त वर्षं आपल्या लोकांनी डोकी झिजवली. कपात काय आहे यावर इतकी बहस. कप भरायला कोण उठतं, हा सवाल त्या सगळ्या बहसेत माझ्या वाचनात एकदाही आला नाही.

जवाब मात्र आला आहे. १५५८च्या सुमारास अब्दुल कादिर अल-जजीरी यांनी कॉफी हलाल आहे हे सिद्ध करायला एक रिसाला लिहिला. कॉफीच्या इतिहासाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या रिसाल्यातून येतं. त्यात काहिऱ्याच्या अल-अझहरमधल्या येमेनी सूफींचं वर्णन आहे. सोमवारच्या आणि जुम्याच्या रात्री ते जिक्रला बसत. कॉफी लाल मातीच्या एका मोठ्या भांड्यात असे. त्यांचा प्रमुख स्वतः छोट्या पळीने ती काढी आणि उजव्या बाजूने एकेकाला देत जाई. तोंडाने जिक्र चालूच.

व्हॉट्सअॅपवर हे येत नाही. मजलिसीत जो सगळ्यात मोठा, ज्याच्या हातावर बाकीच्यांनी बैअत केलेली, त्याच्या हातात पळी होती. ज्या पेयाचा आपण फखर करतो ते आपल्याकडे आलं तेच मुळी असं, मोठ्याने धाकट्यांना वाढत. शिवाय ते आलं इबादतीसाठी. रात्रीच्या जिक्रला डोळा लागू नये म्हणून.

आता आपल्या घरात या.

मी कोकणातल्या खाडीकाठच्या मुसलमान घरांबद्दल बोलते आहे, कारण तीच मला आतून माहीत आहेत. आमच्याकडे मुळात चहा. कॉफी असायची ती सर्दी-तापाला, नाहीतर परीक्षेला बसलेल्या पोरांना, जायफळ घालून. सकाळची रोजची कॉफी घरात शिरली ती आखाताच्या पैशाबरोबर. ज्या घरचा कर्ता पुरुष दुबई, कुवैत, दम्मामला, त्या घरच्या फळीवर झटपट कॉफीच्या काचेच्या बाटल्या दिसायच्या. सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत चॉकलेट, अत्तर, टायगर बाम आणि ती बाटली असणारच. कॉफी संपली की बाटलीत हळद, मालवणी मसाला नाहीतर कोकम. आजही आमच्या गावात निम्म्या स्वयंपाकघरांत मसाल्याच्या बाटल्या कॉफीच्या आहेत. मग माणसं कायमची परत आली आणि सवय घेऊन आली. आता फजर पढून आल्यावर कॉफी लागते. चहा नाही, कॉफीच. दुधाची, दाट, फेस आलेली.

ती कॉफी कप हातात पडेपर्यंतची गोष्ट सांगते. डिसेंबरात आमच्याकडे फजर सुरू होते पावणेसहाच्या आसपास, सूर्य उगवतो सातच्या सुमारास. मे महिन्यात सगळं तासभर अलीकडे. म्हणजे नमाजेला मिळतो जेमतेम सव्वा तास. याच सव्वा तासात नळाला पाणी येतं. याच सव्वा तासात पोरांचे डबे, कणीक, भाकरी, सासऱ्यांची रिकाम्यापोटी घ्यायची गोळी, साडेसहाच्या एसटीला जाणाऱ्या मुलीची वेणी. घरातला पुरुष अजान झाल्यावर उठतो, वुजू करतो, मशिदीत जातो, जमातीने नमाज पढतो, दारात दोन माणसांशी बोलतो आणि परत येतो. परत येतो त्या क्षणाला कॉफी तयार हवी. गार चालत नाही. म्हणून बाई त्याच्या परतण्याचा अंदाज धरून दूध तापवायला ठेवते. दूध गॅसवर असताना मुसल्ल्यावर उभं राहता येत नाही, कारण दूध उतू जातं. कॉफी दिली की डबे. डबे झाले की खिडकीत ऊन.

मग फजर कजा.

मी हे रचून सांगत नाही. आमच्या महिलांच्या दर्समध्ये कजा नमाजेचा विषय निघाला तेव्हा बाया खाली मान घालून बसल्या होत्या. आलिमा समजावत होती की फजर चुकवू नका, लवकर उठा, शैतान गाठ मारतो वगैरे. त्यातल्या एकजणी सव्वाचारला उठतात. शैतानाने कसली गाठ मारायची त्यांना? गाठ मारली आहे ती त्या एका कपाने. पुरुषाची नमाज जमातीने, मशिदीत, पहिल्या सफमध्ये. ती तशी व्हावी म्हणून आणि नंतर तिचा थकवा उतरावा म्हणून बाईची नमाज चुकते. जे पेय बंद्याला इबादतीसाठी जागं ठेवायला आलं, ते आपल्या घरात एका बंदीची इबादत खातं आहे. हे ज्यांना एवढंसं वाटतं त्यांच्याशी माझं भांडण आहे.

आकडे हवे असतील तर आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. पुरुषांतले जे घरकाम करतात, म्हणजे न करणारे आधीच वगळलेले, ते ८८ मिनिटं. हा आकडा सगळ्या देशाचा, सगळ्या धर्मांचा आहे. "फक्त मुसलमानांच्याच घरात असं असतं का?" म्हणून कुणी लिहिणार असेल तर आधीच सांगते, नाही. शेजारच्या घरातही असंच आहे. पण शेजारचे काका सकाळी उठून पंधराव्या शतकातल्या सूफींचा फखर करत नाहीत. दावा आपला आहे, तेव्हा हिशोबही आपल्याला द्यावा लागेल.

मला आलेले जवाब आता एकेक घेते.

पहिला जवाब, ती प्रेमाने करते. असेल. मीही केली आहे प्रेमाने, वीस वर्षं. प्रेम आहे की नाही ते ओळखायची एक सोपी रीत आहे. एक दिवस ती न करता बसून राहिली तर घरात काय होतं ते बघा. काहीच झालं नाही, कुणीतरी उठून दूध ठेवलं, तर प्रेम. "आज कॉफी नाही का?" हा सवाल तिसऱ्या मिनिटाला आला तर ती ड्यूटी आहे.

दुसरा जवाब, पुरुषांना जमत नाही. हा जवाब आमच्या कोकणात तरी कुणी देऊ नये. ज्यांनी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षं शारजा नाहीतर जेद्दाहच्या बॅचलर रूममध्ये काढली, एका खोलीत आठजण, त्यांनी तिथे पाळी लावून स्वयंपाक केला आहे. बिर्याणी, माशाचं कालवण, पराठे, सगळं. पहाटे चारला उठून स्वतःची कॉफी करून साइटवर गेले आहेत. मग मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावर त्या हातांना काय होतं? कस्टममध्ये जमा करून घेतात का?

शिवाय तिथे त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच विचारा. अरबाच्या मजलिसीत कॉफी घरातल्या बायकांकडून मागवत नाहीत. यजमान किंवा त्याचा मुलगा उभा राहतो, डाव्या हातात लांब चोचीचा दल्ला, उजव्या हातात बिनकानाचे छोटे फिंजान, आणि पाहुण्यांना स्वतः ओतून देतो. पाहुणा फिंजान हलवून बस म्हणत नाही तोवर ओतणारा हटत नाही. अमिरात, सौदी, ओमान आणि कतार या चार देशांनी मिळून ही रीत २०१५मध्ये युनेस्कोच्या यादीत घालून घेतली, इतका त्यांना तिचा अभिमान. आमच्या माणसांनी तिथून वेलची आणली, खजूर आणले, दल्ला आणून शोकेसमध्ये ठेवला. उभं राहून ओतायची रीत तेवढी बॅगेत मावली नाही.

तिसरा जवाब दीनचा असतो आणि तो ऐकून बाया गप्प होतात, म्हणून त्यावर जरा थांबते. सांगितलं जातं की घरच्यांची खिदमत हा बाईचा फर्ज आहे. फर्ज हा शब्द इतका स्वस्त नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आणि शाफई फिकह काय म्हणते? अकराव्या शतकातल्या अबू इसहाक शिराझींचा 'अल-मुहज्जब' हा या मजहबचा मोठा ग्रंथ. दळण, भाकरी भाजणं, स्वयंपाक, धुणं ही कामं बायकोवर वाजिब नाहीत, हे त्यात साफ आहे. हनफींच्या घरी थोडं वेगळं. तिथे दियानत म्हणून, म्हणजे तिच्या आणि अल्लाहच्या मधली नैतिक जबाबदारी म्हणून ते तिच्याकडे येतं. त्यावर मतभेद आहेत, ते उलेमांनी बोलावेत. मी फिकहची जाणकार नाही, शाळेत भाषा शिकवते. पण आमच्याच मजहबची किताब जे वाजिब म्हणत नाही ते आमच्याच घरात फर्ज म्हणून सांगितलं जातं, एवढं मला वाचता येतं. तलाक, वारसा, पडदा या बाबतीत आपला मजहब कोणता हे आपल्याला बारकाईने माहीत असतं. दुधाच्या पातेल्यापाशी आलो की सगळे मजहब विसरतात.

आणि सुन्नतचं म्हणाल तर बुखारीत हजरत आयेशांची (रजि.) रिवायत आहे. पैगंबर (स.) घरात काय करत, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की निघत. दाढी किती बोटं ठेवायची, पायजमा घोट्याच्या वर किती, यावर जुम्याच्या बयानमध्ये तासतासभर ऐकलं आहे आमच्या घरच्या पुरुषांनी. ही रिवायत ऐकून घरी येऊन कुणी पातेलं उचललं असं मी पाहिलेलं नाही.

एका सुशिक्षित गृहस्थांनी मला दुसरी हदीस ऐकवली. लोकांना पाजणारा स्वतः शेवटी पितो, या अर्थाची. म्हणजे बघा मॅडम, शेवटी पिण्यात तिचा दर्जा वाढतो. मी त्यांना विचारलं, ही हदीस कोणत्या प्रसंगाची? प्रवासात पाणी कमी पडलेलं असताना पैगंबर (स.) स्वतः सगळ्यांना पाजत होते आणि शेवटी त्यांनी घेतलं. पाजणारे ते होते. दर्जा वाढवायचा असेल तर साहेब, साकी तुम्ही व्हा. उर्दू गझलमध्ये साकीची एवढी विनवणी करता, एक दिवस स्वतः होऊन बघा. गृहस्थ हसले आणि विषय बदलला.

शेवटी पिण्यावरून आठवलं. तिची स्वतःची कॉफी ती पिते कधी? साडेआठ-नऊला, सगळे गेल्यावर, तळाशी उरलेली, पुन्हा गरम केलेली. बरोबर काही खायचं नाही, कारण भूक मरून गेलेली असते. कॅफिन थकवा घालवत नाही. मेंदूला थकव्याचा निरोप पोहोचवणारं अॅडिनोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याची जागा कॅफिन अडवून बसतं, एवढंच. शरीर दमलेलं ते दमलेलंच राहतं, बाईला कळत तेवढं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणि लोहाची गरज कुणाला? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आढळला, पुरुषांपैकी २५ टक्क्यांना. शाळेतल्या पालक सभेला येणाऱ्या आयांचे पांढुरके ओठ बघून मला तो आकडा वेगळा सांगावा लागत नाही. पण या गोष्टीचा अर्थ 'बायांनी कॉफी पिऊ नये' असा काढणाऱ्या हकीमसाहेबांनाही माझा सलाम. बायांनी कॉफी प्यावी. वेळेवर, गरम, बसून प्यावी, आणि नाश्ता त्याआधी किंवा नंतर नीट करावा. नाश्त्याच्या ऐवजी ढोसलेली उष्टी-गार कॉफी हा वेगळा प्रकार आहे.

इन्स्टाग्रामवर हल्ली सकाळच्या कॉफीचे सुंदर व्हिडिओ येतात. खिडकी, वाफ, पुस्तक, एक पांढरा कप, आणि खाली 'स्वतःसाठी दहा मिनिटं'. आमच्या तरुण मुली ते बघतात आणि वैतागतात. वैतागू नका, फक्त एक बघा. त्या व्हिडिओत पातेलं कुठेच दिसत नाही.

पातेलं दिसत नाही ते भाषेतही. मी मराठीच्या तासाला आठवीला 'माझी सकाळ' हा निबंध दरवर्षी देते. मुलींच्या वहीत असतं, 'मी उठून चहा ठेवते', 'मी अब्बूंना कॉफी देते'. मुलग्यांच्या वहीत, 'मला चहा मिळतो', 'मग कॉफी येते'. व्याकरण म्हणून दोन्ही बरोबर, मी गुण कापू शकत नाही. पण 'मला चहा मिळतो' या वाक्यात कर्ता कोण, असं फळ्यावर लिहून विचारलं की मुलं अडखळतात. कर्ता आहे चहा. चहाच कर्ता, क्रियापद त्याच्याच मागे चालतं. आई त्या वाक्यात कर्ता नाही, कर्म नाही, करणही नाही. घरातही आपण असंच बोलतो. 'कॉफी झाली का?' आपोआप होते जणू. उर्दूत 'चाय बन गई?', तिथेही तेच, बनवणारी गायब. गेल्या वर्षी एका मुलाने सवाल ऐकून बराच विचार केला आणि म्हणाला, "टीचर, पण मग वाक्य बदलावं लागेल." मी म्हटलं, बदल. त्याने लिहिलं, 'अम्मी चार वाजता उठून मला चहा देते.' मग स्वतःच पेन थांबवून विचारलं, "चारला का उठते?" तेरा वर्षांचा मुलगा. हा सवाल त्याला पडायला एक वाक्य पुरलं. मोठ्यांना मेसेजवर विचारलं तर जाऊबाईंचा फोन येतो.

आता मेसेजमधले बाबा बुडन. येमेनहून सात दाणे आणून त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावले अशी कथा आहे, सतराव्या शतकातली. सात की सत्तर ते अल्लाह जाणे, पण डोंगराला त्यांचं नाव आहे आणि त्या भागात कॉफी आहे, हे खरं. त्या गुहेत मुसलमान बाबांना मानतात, हिंदू दत्तात्रेयाला, आणि तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्या महाराष्ट्रात, जिथे दत्तगुरू मलंगाच्या वेशात दर्शन देतात अशी कथा एकनाथांच्या चरित्रात सांगतात, तिथे तरी त्या गुहेचं आश्चर्य वाटू नये. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. इथे मुद्दा एवढाच, की त्या डोंगरउतारांवर हिवाळ्यात पिकलेली लाल फळं एकेक करून तोडायला मोठ्या संख्येने बायाच असतात. तोडणी त्यांची, उकळणं यांचं. आपल्या हिश्श्याला फखर.

"मग काय, पुरुषांनी कॉफी सोडायची का?" असं विचारणाऱ्यांसाठी मी कृती लिहून देते. सोडायला कुणी सांगितलेलं नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यातली दहा मिनिटं रात्रीची.

बाजारात पितळेचा किंवा स्टीलचा दोन मजली कॉफी फिल्टर मिळतो, कोल्हापूर-बेळगावकडे तर सहज. इशा पढून आलात की वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे कॉफी पूड घाला. चिकोरी घातलेली चालेल, तिने काढा दाट उतरतो. आतली चकती हलकेच दाबून ठेवा. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग हळूहळू ओता, झाकण लावा आणि झोपा. रात्रभरात काढा थेंबथेंब खाली उतरतो. फजरला जाण्याआधी काही करायचं नाही. बायकोला उठवायचं असेल तर नमाजेला उठवा, हदीसमध्ये तसंच आलं आहे, कॉफीला उठवा असं आलेलं नाही. मशिदीतून आलात की दूध तुम्ही तापवा. तोवर तिची नमाज होऊ द्या, दुआ लांबली तर लांबू द्या, दूध पुन्हा गरम करता येतं. काढा दोन-तीन चमचे, वर दूध, साखर ज्याला हवी तेवढी. कप एकापेक्षा जास्त भरायचे. पहिला तुमच्या अम्मी-अब्बांना, मग तिला, मग पोरांना दूध, शेवटी तुम्ही. उजव्या बाजूने सुरुवात करा म्हणजे सुन्नतही होईल.

रमजानमध्ये सहरीला हेच. तिथे तर घाई जास्त, आणि सहरीची शेवटची दहा मिनिटं बाईने उभ्याने खाल्ल्याची दृश्यं मी लहानपणापासून पाहते आहे.

पहिल्या दिवशी दूध उतू जाईल. जाऊ द्या, शेगडी पुसायचं फडकं ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात असतं, सगळ्यांच्या घरी तिथेच असतं. आणि कॉफी पिऊन झाली की पातेलं तसंच सिंकमध्ये टाकून मेसेज पाठवायला बसू नका. साय तळाला करपून चिकटते, वाळली की तारेच्या घासणीनेही निघत नाही. लगेच पाणी घालून ठेवा.